मी पात्र झालो

बसा, खाट मोकळीच आहे. चहा उकळेपर्यंत एक फजिती ऐकून घ्या. दुसऱ्या कोणाची नाही, माहीच. दुसऱ्याची फजिती सांगाले बरी वाटते, पण आपली सांगितली का चहा जरा जास्त गोड लागते.

पह्यले एक सांगून ठेवतो. मी शाळेत गेलो नाही. आमच्या बंजाऱ्याच्या तांड्यात शाळा आली तवा मी मोठा झालतो. तिच्या भिंतीले माती थापाले गेलतो, तेवढीच माही शाळा. त्याच्यानं माह्याजवळ शब्द कमी. लोकं पुस्तकातून शब्द शिकतात, मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून शिकलो.

अन् त्या ओट्यावर एक शब्द फार चालते. पात्र.

घरकुल आलं, कोण पात्र अन् कोण अपात्र? विहीर आली, शेळ्या आल्या, कोण पात्र? पात्र माणूस ओट्यावरून कसा उतरते पाह्यलं का तुमी? हळू उतरते. मधातच थांबून तंबाखू मळते. अपात्र माणूस भरभर उतरते अन् घरी जाऊन बायकोवर चिडते. मी जन्मभर भरभर उतरलो. कवा माही जमीन जास्त निघे, कवा वय कमी निघे. एकदा तर थावरा नावाचा माणूस पात्र निघाला, मी हळूहळू उतरलोबी, मंग समजलं का तो दुसऱ्या तांड्यातला थावरा आहे.

तर असा मी माणूस. अन् अशा माणसाले एके दिवशी त्याच्या नातीचा फोन येते.

रोशनी माह्या मोठ्या पोराची पोरगी. नागपूरले शिकली, तिथंच राह्यली. काय काम करते ते मले सांगता येत नव्हतं. तिच्या बापाले विचारलं तर तो म्हणे, चित्रं काढते, गोष्टी लिहिते. नोकरी कोणती म्हटलं का तो दुसरीकडं पाहे. ती दिवाळीले येई, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपे, अन् जाई. फोन करे तोबी आजीले. सगळं बोलून झालं का शेवटी म्हणे, आबाजीले दे. मी म्हणो, हाव, बरं हाये, जेवली का? झालं. अजून काय बोलावं ते मले कवा सुचलंच नाही.

त्या दिवशी मात्र तिनं पह्यला फोन माह्याच मोबाईलवर केला. मी तुरीच्या धुऱ्यावर, बांधावर होतो. वारा सुटलता, अर्धं ऐकू येई, अर्धं वाऱ्यानं जाई.

"आबाजी, मी तुमाले पात्र केलं."

मी धुऱ्यावर खालीच बसलो.

"काय केलं म्हणते?"

"पात्र. सगळ्यात पह्यलं पात्र तुमी. आता सांगा, तुमाले एक बैल भेटते. कसा पाहिजे?"

आता तुमीच सांगा. कोणी म्हणते बैल भेटते, तर माणूस विचारन का, का बाई, कोण्या हिशेबानं? मी म्हटलं, "पांढरा पाहिजे. मारका नको."

"बरं. हत्यार कोणतं घेता?"

हत्यार म्हणजे शेतीचं अवजार, माह्या डोक्यात दुसरं आलंच नाही. "फवारणीचा पंप भेटन का? बॅटरीवाला?"

ती खळखळून हसली. "फवारणीचा पंप? आबाजी, हे तर कोणाच्याच डोक्यात आलं नसतं."

"हातानं मारते तो पंप पाठीवर घेऊन खांदा धरते ना बाई."

"लिहिते, लिहिते. आता शक्ती सांगा. पाण्याची घेता, वाऱ्याची घेता का सूर्याची?"

मी एका दमात म्हटलं, सूर्याची. महागावच्या रस्त्यावर एका शेतकऱ्यानं सौर पंप बसवलेला आहे, मी जाता-येता थांबून पाहतो. आपल्याले असं काही भेटन असं सपनातबी नव्हतं.

मंग तिनं विचारलं, कमजोरी काय लिहू? मी उजवा गुडघा सांगितला. वय किती ठेवू? मी म्हटलं, साठाच्या वर ठेव माय, कमी दाखवलं का आपण बाद होतो. ती म्हणाली, पण एक लक्षात ठेवा, पात्र मरू शकते, मंग दुसरं पात्र बनवा लागते. ते तर मले पाठच होतं. म्हटलं, मंग वारस म्हणून तुह्या आजीचं नाव आताच टाकून ठेव, मागून धावपळ नको.

ती इतकी हसली का मले वाटलं पोरगी खूश आहे, आजाचं भलं झालं म्हणून हसून राह्यली.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "रविवारी मी येते तांड्यावर. संगं दोघं जण हाये. हे होते का नाही ते त्याईच्यावरच हाये. अन् आबाजी, अजून कोणाले पात्र व्हाचं असन तर बसवून ठेवजा."

बसवून ठेवजा. पहा, तिनं एवढंच म्हटलं. पुढचं सगळं माहं कर्तृत्व.

घरी येऊन बुढीले सांगितलं. आमची बुढी, चांदीबाई, माह्यापेक्षा शहाणी आहे, हे मी लग्नापासून ऐकत आलो. ती म्हणे, रोशनी कायची योजना वाटते? ती तर चित्रं काढते. मी म्हटलं, मोठ्या साहेबाच्या हाताखाली काढत असन. बुढीनं चुलीत काडी सारली अन् चूप बसली. ती चूप बसली का मी समजतो का माहं पटलं. एवढे वर्षं हीच चूक करून राह्यलो.

मंग मी तांड्याचा नायक परसराम याच्याकडं गेलो. खरं म्हणजे सांगाले नाही, फक्त त्याच्या ओट्यावर जरा बसून हळू उतराले गेलतो. पण तो म्हणे, काहून रे थावरा, गालात हसून राह्यला? मी सांगून टाकलं. नायकाले मी एक बैल सांगितला होता. नायकानं शेजारच्या किसनले जोडी सांगितली. किसनच्या घरून ते नळावर गेलं तर संगं गोठा आलता. संध्याकाळी हिंडून फिरून योजना परत माह्यापाशी आली तवा तिच्यात ट्रॅक्टर होता. अन् मले स्वतःलेच वाटलं, अरे, आपण ट्रॅक्टर काहून नाही मांगितला?

रविवार उजाडला. मी समाजमंदिराजवळ जाऊन पाहतो तर काय, तांड्यात घरी कोणी राह्यलंच नाही. नायकानं लग्नातला फेटा बांधलेला. बाया काचा लावलेले घागरे घालून आलेल्या, काहीच्या हातात लेकरं. म्हाताऱ्या माणसाईनं कागदाच्या पिशव्या छातीशी धरलेल्या. आधार, सातबारा, पासबुक, अन् सगळ्याच्या झेरॉक्स. किसननं तर लग्नाची पत्रिकाबी आणलती, लागली तर असू द्या म्हणून.

गाडी आली. रोशनी उतरली. तिच्या मागून एक उंच पोरगा उतरला, त्याचं नाव मिहिर, अन् एक चष्मेवाली पोरगी, अन्वी. रोशनीनं समोर पाह्यलं अन् ती जागेवरच उभी राह्यली. सगळा तांडा सतरंजीवर बसलेला, चूप, तिच्याकडं पाहून राह्यला.

ती माह्याजवळ आली. डोळे भरलेले. हळूच म्हणाली, "आबाजी, एवढे लोकं माह्या खेळासाठी आले?"

खेळ.

तुमी कवा विहिरीत बादली सोडली अन् दोर हातातून सुटला असं झालं का? तसं झालं मले.

"कायचा खेळ?" मी विचारलं.

मंग तिनं मले बाजूले निंबाखाली नेऊन सांगितलं. मले जेवढं समजलं तेवढं तुमाले सांगतो. हा बसून खेळाचा खेळ आहे. पाच-सहा जण गोल बसतात. एक जण गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीत शिरतात. गोष्टीतला जो माणूस तुमी होता, तो तुमचं पात्र. पुढं काय कराचं ते तुमी सांगाचं, अन् जमलं का नाही ते फासा सांगते. यासाठी परदेशात जाडजाड पुस्तकं निघतात. एकेका पुस्तकात एकेक जग. राजे, जादू, राक्षस, सगळं.

"अन् आपल्या बाजूचं जग असते ना आबाजी, आशियाचं, ते एकाच गावावाणी करून टाकते. बांबूचं बन, दोन तलवारीचा शिपाई, उडता अजगर. आपण आलो तर एक हत्ती, एक राजा, एक सापवाला. बस. आपला तांडा कोण्याच पानावर नाही. बैलाईवर मीठ लादून देशभर हिंडणारे लोकं कोणालेच माहीत नाही. मी ते जग बनवलं."

मंग तिनं खरी गोष्ट सांगितली. ते तिघं मिळून एक पुस्तक काढणार होते. मिहिरनं अजगराचं जग बनवलेलं, त्याची चित्रंबी तयार. रोशनीचं जग त्याले पटत होतं, पण खेळता येईन का नाही याचा भरोसा नव्हता. म्हणून आज एकदा खेळून पाहाचं ठरलं. जमलं तर रोशनीचं, नाही तर अजगराचं.

"अन् आबाजी, आज जमलं नाही तर मी हे सगळं सोडून बँकेच्या परीक्षेले बसणार हाये. बाबाले शब्द देल्ला मी."

आता मी काय करावं? खरं सांगितलं तर तांडा उठून घरी जाते, अन् पोरगी रिकाम्या सतरंजीवर बसते. नाही सांगितलं तर पाप. मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. लहानपणी शेळीचं पिल्लू उचलून आणे तवा असंच तोंड असे तिचं.

मी म्हटलं, "हाव. तुह्या खेळासाठीच आले."

अन् वरून म्हटलं, "मी बसवून ठेवले."

मिहिर मोठा भला पोरगा. हात जोडून म्हणाला, आजोबा, इतकी माणसं पहिल्या खेळाला आम्ही कधीच पाहिली नाहीत. मी त्यालेबी हात जोडले. दुसरं काय जोडणार?

खेळ सुरू झाला. रोशनी सतरंजीच्या मधात बसली. सांगाले लागली का तांडा निघाला आहे. बैलाईच्या पाठीवर मिठाच्या गोण्या, गळ्यात घंट्या, पुढं मोठा घाट. अन् घाटाच्या तोंडावर एक राक्षस आडवा बसलेला. त्याचं नाव तिनं घाटराखा ठेवलं. पळसाच्या झाडाएवढा उंच, बैलाचं डोकं, डोळे कंदिलावाणी. तो कोणालेच पुढं जाऊ देत नाही.

तांडा लक्ष देऊन ऐकत होता. साहेब लोकं मुद्द्यावर येण्याच्या पह्यले असं काहीतरी बोलतातच, हे आम्हाले सगळ्याईले माहीत आहे.

रोशनीनं नायकाकडं पाह्यलं. "काका, घाटराखा उठून उभा राह्यला. तुमी काय करता?"

नायक उठून उभा राह्यला. फेटा नीट केला.

"शेती."

अन्वी लिहून घेऊन राह्यली. रोशनी म्हणाली, नाही काका, त्या टायमाले काय करता?

"त्या टायमाले मजुरी. पण आता शेतीच."

मिहिर मोठा खूश. रोशनीच्या कानात म्हणे, किती शांत आहेत, राक्षस समोर आहे आणि हे व्यवसाय सांगताहेत. मी निंबाच्या मागं झालो.

मंग मिहिरनं फासा काढला. आपल्या सोंगट्याच्या डावात फासा असते तसा नाही, वीस तोंडाचा, निळा, बोरावाणी गोल. तो पाहून तांड्यात कुजबूज सुरू झाली. किसन म्हणे, सोडत पद्धत आहे. आता ज्याचं नशीब. बाया सरसावून बसल्या. नायकानं फासा दोन्ही हातात घेऊन डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं अन् टाकला. तीन आले.

"अरेरे," मिहिर म्हणाला, "काका, तुमचा पाय घसरला."

नायकानं आपल्या पायाकडं पाह्यलं. मंग माह्याजवळ येऊन हळूच विचारलं, "थावरा, पाय घसरल्याचे वेगळे गुण भेटते का?"

मी म्हटलं, भेटत असन. आता जिथं एक खोटं तिथं दोन. दोन-तीन खेपा मी सांगाले पुढं गेलो अन् दोन-तीन खेपा मागं आलो. तिकडं किसनची पाळी आली. त्यानं राक्षसाले आधार कार्ड दाखवलं. रोशनीच्या कपाळावर आता आठ्या पडल्या होत्या. मिहिरनंबी अन्वीकडं पाह्यलं, अन् मले ती नजर समजली. गोष्ट पुढं जात नव्हती. रोशनीनं मांडीवर हात घट्ट धरले होते. बँकेची परीक्षा आमच्या समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसली होती.

तेवढ्यात आमची बुढी बोलली. ती आपली एका कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिच्याजवळ कोणताच कागद नव्हता, ती कागद घेऊन आलीच नव्हती.

"रोशनी, तो कवापासून बसला तिथं?"

"कोण आजी? घाटराखा? शंभर वर्षापासून."

"जेवला का?"

रोशनीनं आजीकडं पाह्यलं. मिहिरचा हात फाशावरच थांबला.

"नाही," रोशनी हळू म्हणाली. "आजवर त्याले कोणी विचारलंच नाही."

"मंग विचार ना बाई. उपाशी माणूस रस्ता अडवणारच." अन् बुढी सरळ त्या रिकाम्या जागेकडं तोंड करून, जिथं राक्षस उभा आहे असं रोशनीनं सांगितलं होतं तिकडं पाहून, आपल्या गोरबोलीत म्हणाली, "आव, बेस. तारो नाम कांई छ?"

ये, बस. तुहं नाव काय? आमच्याकडं दारात कोणी आलं का पह्यले हेच म्हणतात.

रोशनीनं मिहिरकडं पाह्यलं, मिहिरनं रोशनीकडं. घाटराखा हे तर त्याचं काम झालं, नाव ठेवाचं राहूनच गेलतं. रोशनी आजीकडं वळली. ती म्हणाली, "आजी, तो म्हणते, मले नाव नाही."

"मंग आपण ठेवू. पह्यले भाकर खाऊ दे त्याले."

बुढीनं फासा टाकला. काय आलं ते मले दिसलं नाही, पण रोशनी म्हणाली का घाटराखा जरासा सरकला. एक बैल जाईन एवढी वाट झाली.

अन् मंग काय झालं कोणास ठाऊक. एक बाई म्हणे, नुसती भाकर कायले, ठेचा दे. दुसरी म्हणे, कंदिलावाणी डोळे हायेत, त्याले रात्री झोप नसन येत, लेकराले म्हणतो ते गाणं म्हणा. किसननं आधार कार्ड खिशात टाकलं अन् म्हणे, त्याले म्हणा आमच्या संगं चाल, एवढा उंच आहे, नदीत पाणी किती ते पुढून सांगन. नायक म्हणे, थांबा, माहा पाय घसरलेला आहे, मले पह्यले उचला. दोन पोरं उठले अन् त्याईनं नायकाले खरंच उचललं, फेट्यासकट. फासा हातोहात फिरे. नाव ठेवण्यावरून दोन म्हाताऱ्या भांडल्या. दुपार झाली, चहा थंड झाला, कोणी पिशवीकडं पाह्यलं नाही. मीबी निंबामागून निघून कवा पुढं येऊन बसलो, मले समजलं नाही.

संध्याकाळी तांडा घाट उतरला. मिहिरनं आपली अजगराची चित्रं मिटून पिशवीत ठेवली अन् म्हणाला, "रोशनी, हेच घेऊ. माझा अजगर पुढच्या वेळी."

रोशनीनं तोंडावर हात ठेवला. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. वाटलं, सुटलो. गंगेत घोडं न्हालं.

तवा नायक उठला. घसा साफ केला.

"साहेब, खेळ लय चांगला झाला. आता सोडतीचं सांगा. बैल कोणाले लागला?"

"कोणता बैल?" रोशनीनं विचारलं.

"योजनेतला. अन् ट्रॅक्टरबद्दल तुमी अजून काहीच नाही बोलले."

सगळा तांडा माह्याकडं वळला. एवढी माणसं एकदम माह्याकडं वळली ती लग्नातच, त्याच्यानंतर आताच.

काय करता? उभा राह्यलो अन् सगळं सांगितलं. पात्र म्हणजे मले एकच पात्र माहीत होतं. बैल, पंप, सूर्याची शक्ती, वारस, सगळं. सांगताना मी कोणाकडंच पाह्यलं नाही, फक्त रोशनीकडं. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. सगळ्यात जास्त तेच लागलं मले.

"म्हणजे माह्या खेळासाठी कोणीच नव्हतं आलं," ती म्हणाली.

"नाही बाई. माह्या कानानं आलते."

किसन म्हणे, "मी रंगीत झेरॉक्स काढली बे." नायकानं फेटा काढून मांडीवर ठेवला. मंग म्हणाला, "थावरा, तू डोळ्याले नाही, कानाले चष्मा लाव."

पुढं कोणी काही बोलाच्या आत बुढी उठली. रोशनीजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. म्हणाली, "आलते कायले ते सोड. बसले कायले ते पाह्य. सकाळपासून कोणी लघवीले तरी उठलं का?"

पोट्टे हसले. मंग बाया हसल्या. मिहिर तर गुडघ्यावर हात मारून हसत होता. म्हणे, फवारणीचा पंप हत्यार म्हणून कोणाला सुचला, हे मी आठवडाभर सगळ्यांना कौतुकानं सांगतोय. रोशनी रडता रडता हसली, अन् मंग हसता हसता रडली, त्यात फरक कराले मी गेलो नाही.

शेवटी नायक म्हणाला, बैल नाही तर नाही. आजवर कोणता भेटला? पण घाट उतरून तांडा पुढं कुठं गेला ते सांगतल्याबिगर पोरीले जाऊ द्याचं नाही.

तिले जावं तर लागलं. पण ती परत आली. पुढच्याच महिन्यात आली, अन् आता दर महिन्यात एका रविवारी येतेच. तिच्या बापानं बँकेचं नाव काढणं बंद केलं. परवा तो स्वतःच कोपऱ्यात बसून फासा मांगून राह्यलता. अन् फोन ती आता पह्यले मले करते. कायले करते? विचाराले, का आबाजी, नदीच्या पलीकडं काय असू द्याचं? मीबी आता "जेवली का" च्या पुढं दोन-चार वाक्यं बोलतो.

फक्त एक झालं. मले वाटलं होतं का आपण पांढरा बैल घेऊन ऐटीत पुढं चालू. तर रोशनी म्हणाली, "आबाजी, तुमाले अपात्र केलं. अख्खा तांडा एका शब्दावर गोळा करणारा माणूस साधं पात्र कायले पाहिजे? पुढच्या घाटापासून राक्षस तुमी."

तवापासून दर खेपेले मी समाजमंदिराच्या ओट्यावर आडवा बसतो अन् रस्ता अडवतो. पह्यल्या दिवशी मी आशेनं बुढीकडं पाह्यलं. म्हटलं, आता ही जेवणाचं विचारन. ती म्हणे, "याले जेवू घालून काही फायदा नाही. मी इतके वर्षं पाहून राह्यली."

मंग काय, फासे चालले. किसननं मारलं, बायांनी मारलं, शेवटी नायकाचा फासा पडला अन् वीस आले. मी ओट्यावर मेलो. सगळ्या तांड्यानं टाळ्या वाजवल्या, बुढीनं जास्तच वाजवल्या. मी डोळे मिटून पडून राह्यलो, तर वरून नायकाचा आवाज आला.

"रोशनी, हा पुढच्या रविवारी पुन्हा जिवंत होते ना?"

"होते ना काका."

"मंग बरं हाये," नायक म्हणाला. "आमच्या घरी याले माराले अजून चौघं पात्र हायेत."